वर-खाली ओढलं म्हणजे क्रम लागत नाही

ओसरी
परवाच्या ‘कामांची यादी कशी ठेवता’ धाग्यावर एकाने लिहिलं, “टू-डू ॲपमध्ये डिपेंडन्सी, म्हणजे ‘हे झाल्याशिवाय ते नाही’ अशी जोडणी, मागणारे लोक घरातही मॅनेजरकी करतात. कामं ओढून वर-खाली लावा, वरून करत या, विषय संपला.” तिथेच उत्तर द्यायला बसले, पण ते एवढं लांबलं की वेगळा धागा काढते आहे.

विषय संपत नाही. ओढून लावलेला क्रम ही माझी मर्जी. आज आधी वीजबिल भरेन नाहीतर बँकेत जाईन, कुणाचं काही अडत नाही. पण एका कामावर दुसरं अडलेलं असतं तिथे माझी मर्जी चालतच नाही. आमच्या बाथरूमचं काम काढलं होतं: तोडफोड, पाइप, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून गळती बघणं आणि मग फरशी. फरशीवाला मोकळा होता म्हणून गळती बघायच्या आधीच तो आला. खालच्यांच्या छताला ओल धरली आणि नवीकोरी फरशी फोडावी लागली. यादीत फरशी सगळ्यात खालीच होती. पण ‘खाली’ म्हणजे ‘वरचं झाल्याशिवाय हात लावायचा नाही’ हे यादीत कुठे लिहिलेलं असतं?

अडलेलं काम नजरेआड करावं आणि ज्याच्यामुळे अडलंय ते पुढे आणावं, एवढीच माझी मागणी आहे. ऑम्नीफोकस या टू-डू ॲपमध्ये प्रोजेक्ट ‘सिक्वेन्शियल’ (क्रमवार) केला की एका वेळी एकच काम खुलं होतं. टास्कवॉरियर हे दुसरं ॲप तर प्रत्येक कामाला निकडीचे गुण देतं, अडलेल्या कामाच्या गुणांतून 5 वजा करतं आणि अडवणाऱ्याच्या गुणांत 8 मिळवतं. हे आकडे बदलताही येतात. ज्याने हे बनवलं त्याला कामं कशी अडतात ते ठाऊक होतं.

रात्रपाळी
तो प्रतिसाद माझा, आणि मॅनेजरकी हा शब्द मी मागे घेणार नाही. ऑफिसात दिवसभर गँट चार्टच्या, म्हणजे कामांच्या वेळापत्रकाच्या तक्त्यातल्या, बाणांशी झटतो; कुठलं काम कशावर अडलंय ते हे बाण दाखवतात. एक तारीख हलली की मागची सगळी रांग हलते, आणि कुणीतरी बसून ती नीट करायची असते. 1957-58 मध्ये हे बाण ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या कारखान्यांसाठी आणि अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी आले. ते सांभाळायला तिथे पगारी माणसं होती. माझ्या घरच्या यादीचे बाण रात्री अकराला कोण सांभाळणार? आणि फरशीवाल्याला बोलावलं कंत्राटदाराने. त्यात ॲप काय करणार होतं?

ओसरी
कंत्राटदाराने आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, “उद्या माणूस पाठवू का?” फोन सासूबाईंनी घेतला. यादी त्यांच्याही मोबाइलवर आहे. त्यात ‘फरशी’ दिसली, म्हणाल्या पाठवा. तिथे ‘गळती बघणं बाकी’ असं दिसलं असतं तर त्यांनी थांबवलं असतं. सगळ्याच यादीला बाण लावा असं मी कुठेही म्हटलेलं नाही, कृपया नीट वाचा.

उलटा_कंस
दोघंही एक गोष्ट विसरताय. लपवणं वेगळं आणि हात धरणं वेगळं. ऑर्ग-मोडमध्ये (ईमॅक्स या एडिटरमधली याद्या ठेवायची सोय) तशी एक सेटिंग आहे, ती चालू केली की उपकामं उरली असताना मुख्य काम ‘झालं’ करूच देत नाही. मी ती बंद केली. लग्नघरात हॉल ठरायच्या आधी केटरर ठरतो, कारण ओळखीचा असतो. झालेलं काम झालं म्हणायला मला ॲपची परवानगी नको.

कामं एकमेकांवरच फिरून अडतात, त्या चक्राचंही बघा. नव्या शहरात बँक खात्याला पत्त्याचा पुरावा हवा, पुराव्याला भाडेकरार हवा आणि घरमालकाला डिपॉझिट इथल्याच खात्यातून हवं. ॲप अशी साखळी नाकारतं ते बरोबरच आहे. आपण मग ‘डिपॉझिट’चे दोन तुकडे करायचे, थोडं आत्ता आणि उरलेलं खातं उघडल्यावर. बाण लावल्याशिवाय हे सुचत नाही.

कोबा
अवांतर होईल, पण साइटवर आयुष्य गेलंय म्हणून लिहितो. तुमच्या ॲपवाल्यांना आधी-नंतर कळतं, मधले दिवस कळत नाहीत. स्लॅब ओतला की ‘झालं’ वर टिक, आणि पुढचं काम लगेच खुलं! काँक्रीट पक्कं व्हायला मधले दिवस पाणी मारायचं कुणी? काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456:2000 वाचा. ओपीसी म्हणजे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, पीपीसीसारख्या (राख वगैरे मिसळलेल्या) मिश्र सिमेंटला किमान 10.

गोदाकाठ
7 दिवस पुरतात. आमच्या वाडीतली सगळी घरं 7 दिवसांवर उभी आहेत. पुस्तकी आकडे सांगून लोकांना घाबरवू नका.

कोबा
कुठल्या गोणीवर? घरकामाला बहुतेक पीपीसीच येतं, गोणीवर छापलेलं असतं. उन्हाळ्यात, कोरड्या हवेत साध्या सिमेंटलाही 10 दिवस सांगितलेत आणि मिश्रला 14 पर्यंत न्यावेत अशी शिफारस आहे. घर उभं असणं आणि स्लॅब न गळणं यात फरक आहे साहेब.

गोदाकाठ
म्हणजे आम्ही काय गळक्या घरांत राहतो?

कोबा
पावसाळ्यात वर जाऊन बघा. आणि तुमच्याकडे स्लॅबखालचे टेकू कधी काढतात तेही सांगा. साध्या सिमेंटला, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला 14. भाड्याचं सेंटरिंग (टेकू-फळ्यांचा साचा) परत द्यायची घाई असते म्हणून लवकर खोलतात, मग तडे गेले की सिमेंटला शिव्या.

ओसरी
दोघंही जरा शांत व्हा. कोबा यांचा मुद्दा मूळ विषयातलाच आहे. ‘अमुक झाल्यावर 10 दिवसांनी खुलं कर’ असं मला लिहिता आलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी ठरावीक तारीखच टाकावी लागते, आणि ओतकाम दोन दिवस लांबलं की ती तारीख खोटी ठरते.

रात्रपाळी
हे मात्र मान्य करावं लागतंय. जिथे चुकलं तर फोडून पुन्हा करावं लागतं, तिथे बाण लावा. बाकी यादीला माझा विरोध कायम, आणि तो बाण दोन टिचक्यांत लागत नसेल तर तिथेही कुणी लावणार नाही.

ओसरी
दोन टिचक्यांचं मंजूर. मॅनेजरकीचं नाही.

गोदाकाठ
@कोबा, चुलत्यांच्या घराचा स्लॅब येत्या आठवड्यात आहे. पीपीसीच आहे, गोणी बघितली. टेकू मग किती दिवस ठेवायचे?

कोबा
गाळा किती मीटरचा आहे ते मोजून सांगा. सात दिवसांचा हिशोब साध्या सिमेंटचा आहे, पीपीसीला त्याहून जास्त ठेवायचे. तोवर सेंटरिंगवाल्याला परतीची तारीख देऊ नका.