मदत हवी आहे : व्ही गळ्याचा टॉप बिघडलाय, परवा संध्याकाळपर्यंत हवा आहे

निळीशाई
साधा, सैल, व्ही गळ्याचा टॉप शिवायला घेतला. बाह्या कोपरापर्यंत, कमरेत काही नाही, दोन्ही बाजूंना कट. व्हिडिओतल्या बाईंनी पाऊण तासात शिवला, माझे तीन दिवस गेले. गळ्याला पट्टी लावून आत उलटवली की व्हीच्या टोकाशी चुण्या येतात. शिवाय गळा अंगाला बसत नाही, पुढे उभा राहतो, वाकलं की सगळं दिसतं. दोनदा उसवून झालंय, तिसऱ्यांदा उसवलं तर कापडच हातात येईल. नेमकं काय चुकतंय? "शिंप्याकडे द्या" असं कृपया सांगू नका.

जुनी_खोड
शिंप्याकडे द्या.

टीपकागद
कापड कोणतं? धुऊन कापलंत का? गळा किती रुंद, किती खोल? पट्टी उरेब (तिरक्या धाग्यात कापलेली) आहे की गळ्याच्या आकाराची कापलीय? पट्टीला फ्युजिंग लावलंय? मशीनला सुई कितीची? यातलं एकही या चर्चेच्या धाग्यात नाही, आम्ही काय पत्रिका मांडायची?

निळीशाई
कापड साधंच आहे, फुलाफुलांचं. गळा ३ इंच रुंद, ७ इंच खोल, घडीवर. पट्टी गळ्याच्याच आकाराची. फ्युजिंग म्हणजे ते खळ लावल्यासारखं कडक असतं ते ना? नाही लावलं, साधा टॉप आहे.

टीपकागद
फुलाफुलांचं हे कापडाचं नाव नव्हे.

निळीशाई
रेयॉन. बिलावर लिहिलंय. ४४ इंच पन्हा, २ मीटर. धुतलं नव्हतं, नवंच होतं.

सोनचाफा
नवं होतं म्हणूनच धुवायचं असतं गं! रेयॉन पहिल्या धुण्यात आटतं. आता जे झालं ते झालं, घेर सैल आहे तर निभावेल, फक्त लांबीला खाली जास्तीचा दुमड ठेव.
गळ्याचं म्हणशील तर ती आकाराची पट्टी काढून टाक आणि सव्वा इंची उरेब पट्टी लाव. मी पंधरा वर्षं ब्लाउज शिवतेय, फ्युजिंगला हात लावलेला नाही. गळा कसा पाण्यासारखा बसतो.

टीपकागद
ब्लाउजच्या गोल गळ्याला उरेब पट्टी बसते, कबूल. व्हीच्या टोकाला उरेब पट्टी वळवणं नवख्या माणसाचं काम नाही, तिथे हमखास गाठोडं होतं. त्यांनी आकाराची पट्टी घेतली तेच बरोबर आहे, फक्त पट्टीला मागून पातळ फ्युजिंग इस्त्रीने चिकटवायला हवं होतं. रेयॉनसारख्या लुळ्या कापडाला आधार नको का?
चुण्यांचं कारण बहुतेक वेगळं आहे. उलटवण्याआधी टोकाशी कात्री मारलीत का?

निळीशाई
मारली, थोडी. शिलाई कापली जाईल म्हणून अर्धा सेंटीमीटर आधी थांबले.

टीपकागद
मग त्याच चुण्या आहेत. टोकाशी कात्री शिलाईच्या एक दोरा अलीकडे जायला हवी. तेवढी गेली नाही तर आतलं कापड उघडत नाही आणि ते बाहेरच्या कापडाला खेचून धरतं. भीती वाटत असेल तर टोकाच्या दोन्ही बाजूंना इंचभर बारीक टाक्याची दुसरी टीप पहिल्या टिपेवरूनच मारा, मग कापा.
दुसरं म्हणजे, व्हीचं टोक सुईसारखं टोकदार शिवू नका. खाली आलात की सुई कापडातच ठेवा, पाय उचला, कापड अर्धवट फिरवा, एकच आडवा टाका घ्या, मग पुन्हा फिरवून वर जा. त्या एका टाक्याने उलटवायला जागा मिळते. बाहेरून बघाल तर टोक टोकच दिसतं.

सोनचाफा
खालून वर शिवू नये. दोन्ही बाजू खांद्याकडून टोकाकडे शिवायच्या, म्हणजे दोनदा सुरुवात. नाहीतर एक बाजू ताणली जाते.

टीपकागद
ही गोष्ट मात्र सोनचाफा म्हणतात ती बरोबर. माझी दुरुस्ती. आडवा टाका घेऊन थांबा, दुसरी बाजू पुन्हा खांद्यापासून.

रिकामटेकडा
शिवणातलं मला शून्य कळतं, पण ३ रुंद आणि ७ खोल म्हणजे काटकोन त्रिकोण. ९ अधिक ४९, ५८ चं वर्गमूळ ७.६. खांद्यापासून टोकापर्यंतची तिरकी रेघ साडेसातच्या किंचित पुढे यायला हवी. मापून बघा ना, ताणलाय की नाही ते कळेल.

निळीशाई
हे भारी आहे. मापलं. डावी बाजू ८, उजवी साडेआठ!!

टीपकागद
बघा. व्हीची कड कापडाच्या उभ्या धाग्याशी तिरकी असते, म्हणून ती रबरासारखी वाढते. कापल्या कापल्या, टॉप हलवण्याआधी, कडेला पाव इंचावर एक साधी टीप मारून ठेवायची असते. ती दिसत नाही, पण कड बांधून ठेवते. तुम्ही कापल्यावर मध्ये कुठे लटकवून ठेवलात का?

निळीशाई
खांदे जोडून हँगरवर. दोन दिवस. सुरकुत्या पडू नयेत म्हणून.

सोनचाफा
अगं बाई.

कोपऱ्यातला_खिसा
बाजूच्या शिलाईत खिसा अवश्य करा. कमरेच्या खाली दोन इंचांवर सुरू करायचा, तोंड सहा इंच, आत हाताच्या आकाराचं जोड कापड, चार तुकडे. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात ही आपल्याकडची मोठी अडचण आहे. मी बायकोच्या सगळ्या कुर्त्यांना लावून दिलेत, मोबाईल आरामात मावतो.

निळीशाई
खिसा नकोय मला. बाजूला कट आहेत, खिसा कुठे बसणार?

कोपऱ्यातला_खिसा
कट कमी करा.

एडिसनकर
आमच्या इकडे अमेरिकेत जोअॅनची कापडाची दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हापासून कापड बोटांत धरून बघायची सोयच गेली. ऑनलाइन फोटोवरून रेयॉन मागवलं आणि आलं ते पॉलिस्टर. तुम्ही नशीबवान, बाजारात जाऊन कापड हातात धरून बघता. ओक ट्री रोडला एक फॉल-पिको करणाऱ्या ताई आहेत, पण टॉप शिवून मागितला तर जी किंमत सांगतात ती ऐकून मी परत आलो.

सोलापुरी_चादर
इतके प्रतिसाद झाले तरी कुणी विचारलं नाही म्हणून विचारते. परवा आहे काय? आणि सैल व्हीच का हवाय? चौकोनी गळा केला असतात तर टोकाची भानगडच नव्हती.

निळीशाई
आईसाठी आहे. तिचा उजवा खांदा जाम झालाय, दोन महिने झाले. हात खांद्याच्या वर जात नाही, मागे तर अजिबातच नाही. ब्लाउज घालता येत नाही, आणि गाऊनवर बाहेर यायला ती तयार नाही. परवा संध्याकाळी फिजिओथेरपीची पहिली वेळ आहे. व्ही गळा मोठा असला की डोक्यातून पटकन जाईल म्हणून. मी हे वर लिहिलं होतं ना?

टीपकागद
नाही लिहिलं.
म्हणजे "वाकलं की सगळं दिसतं" हे कुणाच्या अंगावर? आईंचं छातीचं माप किती आणि तुमचं किती?

निळीशाई
आईचं ४२. माझं ३४. ती अजून गावाकडे आहे, उद्या येतेय. मीच घालून बघितला.

टीपकागद
चाळीस अधिक दोनचा टॉप चौतीसच्या अंगावर चढवून गळा उभा राहतो म्हणून दोनदा उसवलात? नमस्कार.

सोनचाफा
हसू आवरत नाहीये गं, पण ताणलेलं अर्धा-पाऊण इंच खरंच आहे ते.

सोलापुरी_चादर
ताणलेलं सोडा, मुळात गळा कितीही मोठा केलात तरी उपयोग नाही. डोक्यातून घालायचा कपडा म्हणजे दोन्ही हात वर करायलाच लागतात. माझ्या सासूबाईंचं हेच झालं होतं, डोकं गळ्यात आणि हात बाहीत अडकून बसल्या, ना आत ना बाहेर. समोरून उघडणारंच हवं. आधी दुखरा हात बाहीत घालायचा, मग बरा हात. काढताना उलटं, बरा हात आधी. हे त्या फिजिओबाई सांगतीलच.
तेव्हा त्या टोकाशी झगडू नका. टोकापासून खाली सरळ कापून टाका.

निळीशाई
कापून??

सोलापुरी_चादर
हो. जिथे चुण्या येतात ती जागाच राहणार नाही. आपली बाराबंदी काय असते? समोरून एकावर एक, गळा आपोआप व्ही. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे पांढऱ्या बाराबंदीत असतात, ते कुठे डोक्यातून घालतात!

जुनी_खोड
बाराबंदीला बारा बंद म्हणजे सहा गाठी. जाम खांद्याच्या बाईने सहा गाठी मारायच्या?

सोलापुरी_चादर
बंद बांधा असं म्हटलं नाही मी. पद्धत सांगितली.

जुनी_खोड
आमच्या आजोबांच्या बाराबंदीला आठच बंद होते. नाव बाराबंदीच.

रिकामटेकडा
मग आठबंदी म्हणायला हवं.

टीपकागद
गाडी रुळावर आणतो. सोलापुरी_चादर यांचा सल्ला माझ्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा चांगला आहे. करायचं असं:
आकाराची पट्टी पूर्ण उसवून काढा. पुढचा भाग इस्त्री करून मधोमध घडी घाला, खडूने रेघ मारा, आधी रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारा, मग रेघेवर कापा. आता दोन पुढचे पल्ले झाले. उरलेल्या कापडाची उभ्या धाग्यात सव्वातीन इंच रुंद लांब पट्टी काढा. लांबी अशी की एका पल्ल्याच्या खालच्या टोकापासून वर, मानेमागून फिरून, दुसऱ्या पल्ल्याच्या खालपर्यंत. जोड आला तर मानेच्या बरोबर मागे येऊ द्या. पट्टीला फ्युजिंग लावा (सोनचाफा, इथे लागतंच, बटणं येणार आहेत). मग लांबीत दुमडून शर्टाच्या पट्टीसारखी जोडा.

सोनचाफा
लावा बाई, लावा.
आणि ताणलेला गळा इथेच आवळता येईल! पट्टीवर खांद्यापासून टोकापर्यंत साडेसात-पावणेआठ इंचांवर खूण कर, गळ्याची ८ आणि साडेआठची कड त्यातच बसव. आधी कडेला हाताने धावदोरा घाल, दोरा हलकेच ओढ, इस्त्रीची वाफ दे, कापड गोळा होईल. मग टाचण्या. दोन्ही बाजू सारख्या येतील.

निळीशाई
मधोमध कापून शिलाईत गेलं तर पुढून घट्ट नाही होणार?

टीपकागद
उलट. शिलाईत तीन अष्टमांश जातं, पट्टी तयार होऊन सव्वा इंच येते. पट्टीवर पट्टी ठेवली की एकूण घेर अर्धा इंच वाढतोच. सैल टॉप आहे, कळणार नाही.
सुई ११ नंबरची घ्या. १४ किंवा १६ ची असेल तर रेयॉनला भोकं पडतात. तुमच्या चुण्यांत तिचाही हात असेल.

निळीशाई
१६ आहे. परदे शिवले होते.

कोपऱ्यातला_खिसा
समोरून उघडा असेल तर छातीवर एक खिसा छान दिसेल.

सोनचाफा
बटणांची काजं करत बसू नकोस, वेळ नाही. टिचबटणं लाव.

सोलापुरी_चादर
टिचबटणं दाबायला दोन्ही हातांचा जोर लागतो. मोठी चपटी बटणं आणि काजं सैल, नाहीतर वेल्क्रोचे तुकडे.

सोनचाफा
वेल्क्रो रेयॉन ओरबाडतं. आणि देवळात चर्र आवाज.

सोलापुरी_चादर
फिजिओकडे जायचंय, देवळात नाही.

टीपकागद
बाहीचं विसरू नका. मुंढा (काखेचा गोल) ४२ छातीला साधारण साडेआठ-नऊ खोल आहे ना? दुखरा हात कोपरात वाकवून बाहीत घालावा लागतो. बाही कोपराशी १४ इंचांपेक्षा कमी असेल तर बाहीच्या शिलाईला खाली तीन इंच कट सोडा.

निळीशाई
मुंढा ९, बाही १५. चला, मी मशीनवर बसते.

निळीशाई (दुसऱ्या दिवशी)
झाला. रात्री दीड वाजला. मधोमध कापताना हात अक्षरशः थरथरत होता. उरलेलं कापड पुरलं नाही, पट्टी एका जुन्या निळ्या ब्लाउजपीसची लावली. गळा मापून दोन्हीकडे पावणेआठ! मोठी पाच बटणं लावली, काजं हातानेच केली. आई दुपारी आली, उजवा हात आधी, मग डावा, एका मिनिटात अंगात. गळा उभा राहत नाही, अंगाला टेकून बसलाय. आरशात बघून म्हणाली, "बटणं पुरुषांच्या शर्टासारखी लावलीस की गं." डावा पल्ला वर आलाय खरा. आता उसवणार नाही.
सगळ्यांचे आभार, जुनी_खोड यांचे सोडून.

जुनी_खोड
मी फुकटात वेळ वाचवत होतो.

सोलापुरी_चादर
एका मिनिटात अंगात गेला ना, मग झालं. राहू द्या.

एडिसनकर
अवांतर विचारतो. माझ्या मशीनवर खालच्या बाजूला बॉबिनचा दोरा गोळा होतोय. काय करू?

टीपकागद
मशीन कोणतं? दोरा कुठला? सुई कितीची? कापड काय? वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवून पाहिलात का? आणि नवा धागा काढा.