हाइन्ट्स एरहार्ट यांची दुसरी बाजू
जर्मन विनोदवीर आणि कवी हाइन्ट्स एरहार्ट म्हणजे पन्नाशीच्या दशकातील जर्मन चित्रपटांतला गोंधळलेला, गोलमटोल गृहस्थ, एवढीच ओळख उरली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. 1909 साली रीगा (आजच्या लाटव्हियाची राजधानी) येथे जन्मलेल्या एरहार्ट यांना मुळात पियानोवादक व्हायचे होते, आणि माझ्या मते त्यांच्या विनोदाचे मर्म या संगीताच्या कानातच आहे. झाडाच्या सालीमागे राहणाऱ्या विधवा अळीवरची त्यांची कविता पाहा: आईची ताकीद न जुमानता बाहेर पडलेले पिल्लू सुतार पक्षी गिळून टाकतो, आणि नेमक्या त्याच ओळींत अळीसाठीच्या जर्मन शब्दाशी जुळणारी यमके एकामागून एक अशी कोसळतात की करुण प्रसंगातही हसू आवरत नाही. ‘आणखी एक कविता’ अशा अर्थाचे त्यांचे पालुपद तर घरोघरी पोचले होते.

डिसेंबर 1971 मध्ये पक्षाघाताने त्यांची वाचा गेली. समोरच्याचे बोलणे कळत होते, वाचताही येत होते. मात्र शब्दांशी आयुष्यभर खेळलेल्या या माणसाला 1979 साली हॅम्बुर्ग येथे निधन होईपर्यंत बोलता-लिहिता आले नाही.