मदत हवी आहे: डब्ल्यूपीएफमध्ये ओळीची रक्कम बदलते, पण बिलाची बेरीज जुनीच राहते

मंडळी,

लालबागला माझ्या मामांचं मसाल्याचं दुकान आहे. त्यांच्यासाठी मी सी शार्प आणि डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवरची खिडक्या-बटणांची अ‍ॅप्स बनवायची चौकट) बिलाचं छोटं अ‍ॅप लिहिलंय. सध्या मिरचीचा हंगाम, दुकानात उभं राहायला जागा नसते, आणि नेमकं आताच हे अडलंय.

गिऱ्हाईक बेडगी दोन किलो सांगतं आणि काट्यावर मिरची चढली की म्हणतं, अजून अर्धा किलो घाला. मामी त्याच ओळीत २ चे २.५ करते. ६०० च्या भावाने ओळीची रक्कम १,२०० वरून १,५०० होते, पण खालची एकूण रक्कम जागची हलत नाही. शनिवारी एका बाईंकडून ३०० रुपये कमी घेतले गेले. तेव्हापासून मामी प्रत्येक बिल कॅल्क्युलेटरवर पुन्हा मांडते. तिचा त्रास वाचवायला केलेलं अ‍ॅप, म्हणून हे फार लागतंय.

बिलाच्या ओळी ऑब्झर्व्हेबल कलेक्शनमध्ये (बदल झाला की कळवणारी यादी) आहेत. ओळीच्या क्लासमध्ये आयनोटिफाय प्रॉपर्टी चेंज्ड आहे, म्हणजे आतला आकडा बदलला की ओळ प्रॉपर्टी चेंज्ड ही सूचना देते. वजन बदललं की वजन आणि रक्कम दोन्हींची सूचना जाते. बेरीज व्ह्यूमॉडेलमध्ये (पडद्यामागे आकडे सांभाळणारा क्लास) आहे आणि यादीकडून कलेक्शन चेंज्ड ही सूचना आली की बेरजेची सूचना देतो. त्यामुळे ओळ वाढवली किंवा काढली की बेरीज बरोबर येते. व्हिज्युअल स्टुडिओच्या आउटपुट खिडकीत बाइंडिंगची (पडद्यावरचा खाना आणि आतला आकडा यांची जोडणी) एकही एरर नाही. वजनाच्या सेटरमध्ये (नवं वजन साठवणारा कोड) ब्रेकपॉइंट लावला, तिथेही थांबतं. मग अडतंय कुठे?

दुसरी अडचण. सुटीचा आकडा टाकून लगेच एफ-९ दाबलं की छापील बिलावर आधीचीच सूट येते.

प्रतिसाद

आउटपुटमध्ये एरर नाही, कारण तुमचं बाइंडिंग चुकलेलंच नाही. ऑब्झर्व्हेबल कलेक्शन फक्त ओळ आली, गेली, तिच्या जागी दुसरी आली किंवा ती हलली एवढंच सांगतं. आहे त्या ओळीच्या आत वजन बदललं तर ते त्याच्या गावीही नसतं. ओळ आपल्या परीने ओरडते, ते पडद्यावर तिची रक्कम दाखवणारा तिचा स्वतःचा टेक्स्टब्लॉक ऐकतो. बेरजेच्या वतीने ऐकणारं कुणी नाही. कलेक्शन चेंज्डमध्ये नव्या ओळीच्या प्रॉपर्टी चेंज्डला हँडलर (सूचना आली की चालणारा कोड) जोडा, काढलेल्या ओळीचा सोडवा, आणि रक्कम बदलली की बेरजेची सूचना द्या.

सुटीचं वेगळं आहे. टेक्स्टबॉक्सचं टेक्स्ट मुळात फोकस गेल्यावरच, म्हणजे कर्सर दुसऱ्या खान्यात गेल्यावरच, सोर्सला (आतल्या आकड्याला) पोचतं. एफ-९ दाबताना फोकस तिथेच असतो, म्हणून छपाईला जुना आकडा मिळतो. बाइंडिंगमध्ये 'अपडेट सोर्स ट्रिगर'ची किंमत 'प्रॉपर्टी चेंज्ड' करा, म्हणजे टाइप होताच आकडा पोचेल. मात्र वजनाच्या खान्याला तसं करू नका. दशांश असलेल्या आकड्यात '२.' टाइप करताक्षणी टिंब गिळलं जातं आणि २.५ लिहिता येत नाही. डॉट नेट ४.५ पासून हा त्रास आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार! सूट लगेच सुटली. बेरीज पहिल्या बिलाला अचूक आली, पण 'नवं बिल' दाबल्यावर पुन्हा गोठली. आता ओळ वाढवली तरी हलत नाही.

प्रतिसाद

'नवं बिल'मध्ये नवं कलेक्शन तयार करून प्रॉपर्टीला देता का? मग तुमचे हँडलर जुन्या कलेक्शनलाच चिकटून राहिले. कलेक्शन एकदाच व्ह्यूमॉडेलच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ते तयार होताना चालणारा कोड) बनवा आणि नव्या बिलाला क्लिअर करा, म्हणजे रिकामं करा. एवढंच बघा, की क्लिअर केल्यावर येणाऱ्या रीसेट सूचनेत जुन्या ओळींची यादी नसते. तिच्यावर लूप चालवला तर नल रेफरन्सची एरर येईल. म्हणून क्लिअर करण्याआधीच हँडलर सोडवा.

धागाकर्ता

अगदी तसंच होतं. नवं कलेक्शन देत होतो. काल रात्री बदललं, आज सकाळपासून दुकानात बसून बघतोय. चाळीसेक बिलं झाली, त्यात वजन बदललेली बरीच होती, सगळ्यांची बेरीज जुळली. दुपारनंतर मामीने कॅल्क्युलेटर गल्ल्यात ठेवला.

एक राहिलं. महिन्याच्या उलाढालीत १,२५,००० ऐवजी १२५,००० दिसतं. मामा दर वेळी शून्यं मोजतात. विंडोजची सेटिंग भारताचीच आहे.

प्रतिसाद

बाइंडिंगमधलं स्ट्रिंग फॉरमॅट विंडोजची सेटिंग बघत नाही, एलिमेंटची लँग्वेज बघतं, आणि ती मुळात अमेरिकन इंग्रजी असते. खिडकीच्या मूळ टॅगवर लँग्वेज 'ईएन-आयएन' लिहा, स्वल्पविराम लाखाच्या जागी येईल.