'हार्टवॉर्मिंग'ला तुमच्या घरी काय म्हणतात?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी 'अवर झू' या ब्रिटिश मालिकेवर लेख लिहितेय. बीबीसी वनवर २०१४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिचे सहा भाग झाले. चेस्टरचं प्राणिसंग्रहालय उभं करणाऱ्या जॉर्ज मॉटर्सहेडची आणि त्याच्या घरच्यांची ही गोष्ट. पहिल्या महायुद्धातून पाठीच्या कण्याला जखम घेऊन आलेला माणूस, त्याचे म्हातारे आईवडील, बायको, दोन मुली आणि मरणाच्या दारातून सोडवून आणलेले प्राणी, सगळे एका छपराखाली.

लेखाचा अर्धा भाग प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांवर आहे आणि गाडी तिथेच अडलीये. जो तो लिहितो, 'हार्टवॉर्मिंग'. मी 'हृदयस्पर्शी' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'हृदयद्रावक' केलं. हृदयद्रावक म्हटलं की मला बस दरीत कोसळल्याची बातमी आठवते. इथे तर लोक म्हणताहेत की दिवसभराचा शीण गेला, मुलांना मांडीवर घेऊन बघितली, डोळ्यांत पाणी आलं आणि बरं वाटलं. अशा गोष्टीला तुम्ही काय म्हणता? कोशातला नको, तोंडातला शब्द हवाय.

मुद्रितशोधक
ताई, तुमचंच बरोबर. द्रावक म्हणजे वितळवणारं. व्युत्पत्तीने पाहिलं तर सुखानेही हृदय द्रवायला हरकत नव्हती, पण वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं तो शब्द आक्रोशाच्या शेजारी बसवला आणि आता तो तिथून उठत नाही. संपादकांना तसं नम्रपणे कळवा.

तुम्ही 'प्राणिसंग्रहालय' ऱ्हस्व लिहिलंत, याचं फार समाधान वाटलं. मूळ शब्द प्राणिन्. समासात पहिल्या जागी आला की ऱ्हस्व. मंत्रिमंडळ लिहिताना कोणी चुकत नाही, पक्षिमित्र आणि प्राणिसंग्रहालय लिहिताना मात्र निम्मा महाराष्ट्र चुकतो.

वऱ्हाडी पाहुणा
ताई, आमच्याकडे सरळ म्हणतात, 'जीव गार झाला.' मे महिन्यात चंद्रपूरला या, मग कळेल की 'वॉर्म' हे कौतुक का होऊ शकत नाही. तिकडे बाहेर हिवाळा, म्हणून त्यांचं सुख शेकोटीजवळ. आपलं सुख माठाजवळ. डोळे निवतात, जीव निवतो, पोटात थंडावा येतो. ज्ञानोबांनी पसायदानात सूर्य मागितला तोसुद्धा तापहीन. 'जीव निववणारी मालिका' लिहा. मराठी माणसाला बरोब्बर कळेल.

गोदाकाठ
'जीव निववणारी'! हे मला सुचलंच नसतं. वाक्यात बसवून बघते.

भायखळ्याची
निवणं छान आहे, पण पाहुणे, ऊब आपली नाही असं कसं म्हणता? मायेची ऊब, आजीच्या गोधडीची ऊब, कुशीतली ऊब. ताप वेगळा, ऊब वेगळी. ताप नकोसा, ऊब हवीशी. मराठीने दोन शब्द वेगळे ठेवलेत ते उगाच नाही.

फक्त 'उबदार मालिका' लिहू नका. उबदार स्वेटर असतो, खोली असते. मालिकेला उबदार म्हटलं की खाली इंग्रजी दिसायला लागतं. 'या मालिकेत मायेची ऊब आहे' हे चालेल. विशेषणाच्या मागे लागलं की असा घोळ होतो. मराठीत ही गोष्ट क्रियापदाने सांगायची असते: भरून आलं, गलबलून आलं, गहिवरून आलं.

मुद्रितशोधक
क्रियापदाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. 'गहिवर' हा तर मराठीचा दागिना आहे. गुहा किंवा गहन जागा या अर्थाचा संस्कृत 'गह्वर' त्याच्या मुळाशी असावा असं माझं मत आहे. आत खोल दाटून येतं तो गहिवर.

सांगलीकर अनुवादक
सर, आदर ठेवून सांगतो, पटत नाही. नुसत्या उच्चारसाधर्म्यावर व्युत्पत्ती लावायची नाही हे तुम्हीच इथे कितीदा सांगितलंय. गुहेपासून दाटलेल्या गळ्यापर्यंतची मधली एकतरी पायरी दाखवा.

मुख्य मुद्द्यावर माझा अनुभव सांगतो. मी डबिंगच्या संहिता लिहितो. 'हार्टवॉर्मिंग' जाहिरातीत आला की आम्ही 'मनाला भिडणारी' लिहितो, कारण पडद्यावर अर्ध्या सेकंदात वाचून व्हायला हवं. 'जीव निववणारी' सुंदर आहे, पण आज पंचविशीतला पुण्यातला मुलगा 'निवणं' फक्त चहाबद्दल बोलतो. त्याला विचारा मालिका कशी वाटली. म्हणेल, 'फील गुड आहे.' तो मराठीच बोलतोय. शब्द रुळला की आपला.

मुद्रितशोधक
रुळला की आपला, हे मी ऐकत आलोय. टेबल आपलं झालं, कारण तशी वस्तूच आपल्याकडे नव्हती. बरं वाटणं आपल्याकडे नव्हतं का? असलेल्या भावनेला उसना शब्द घेतला की आपला शब्द वापराअभावी मरतो. 'निवणं' चहापुरतं उरलंय, म्हणूनच ते अंकात छापायला हवं.

चेशायरकर
मी चेस्टरपासून जवळच राहतो, म्हणून थोडी भर. मालिकेतलं ओकफील्ड हाउस खरं आहे, आजही प्राणिसंग्रहालयाच्या आवारात उभं आहे. मॉटर्सहेडने ते १९३० साली साडेतीन हजार पौंडांना घेतलं आणि १९३१ मध्ये दारं उघडली. अप्टनच्या गावकऱ्यांचा विरोध झाला तोही खरा. लहानपणी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू प्राणिसंग्रहालयात त्याने गजांआडचे प्राणी पाहिले आणि आपण करू तेव्हा गज नसतील असं ठरवलं. पुढे हागेनबेक या जर्मन प्राणिव्यापाऱ्याने हॅम्बुर्गला केलं तसं खंदक खणून प्राणी मोकळ्यावर ठेवायचे, हा त्याचा ध्यास होता.

म्हणून मला 'संग्रहालय' हाच शब्द टोचतो. संग्रह नाण्यांचा, तिकिटांचा, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा. धाकटी मुलगी जून चिंपांझी मेरीसोबत खेळत मोठी झाली. हा संग्रह झाला का? इथल्या प्रेक्षकांना ज्याने भरून येतं ते नेमकं हेच आहे, की प्राणी घरातले आहेत. मालिकेच्या नावातला 'अवर' महत्त्वाचा आहे.

वऱ्हाडी पाहुणा
बरोबर बोललात. आमच्या गडचिरोलीत हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि मंदाताई आमटे यांच्याकडे जे आहे त्याला कोणी संग्रहालय म्हणत नाही. 'प्राण्यांचं अनाथालय' म्हणतात. माडिया लोक शिकार करून चालले होते, मेलेल्या माकडिणीला तिचं पिल्लू बिलगलेलं होतं, ते डॉक्टरांनी मागून घेतलं, तिथून सुरुवात. पुढे बिबटे, अस्वलं, सगळे घरच्या मुलांबरोबर वाढले. कुटुंबाचा झू म्हणजे काय ते मराठी वाचकाला समजवायला चेशायरला जायची गरज नाही. ताई, लेखात याचा उल्लेख करा.

गोदाकाठ
नक्की करते. ही तुलना कशी राहिली कोण जाणे. तर मग 'घरचं अनाथालय'?

सांगलीकर अनुवादक
अनाथालय म्हटलं की वाचक पुन्हा 'हृदयद्रावक'कडे जाईल. जपून.

रंकाळा
संग्रहालय नको, अनाथालय नको, तर जुना शब्द घ्या की. 'शिकारखाना'. पेशव्यांचा पर्वतीच्या पायथ्याला शिकारखाना होता, सवाई माधवरावांना प्राण्यांचं भारी वेड. नावात शिकार असली तरी ती जनावरं पाळायची जागा. पीलखान्यात हत्ती, शुतुरखान्यात उंट, पागेत घोडे, आणि जंगली जनावरं शिकारखान्यात. प्रत्येकाला स्वतंत्र शब्द होता. आता सगळे एका सात अक्षरी पाटीखाली.

भायखळ्याची
रंकाळादादा, शब्द दणकट आहे, पण आजच्या वाचकाला शिकारखाना म्हटलं की भिंतीवर वाघाची मुंडकी दिसतील. प्राणी वाचवणाऱ्या माणसाच्या गोष्टीला हे नाव कसं द्यायचं?

आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. कागदावर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण घरात 'राणीचा बाग'. भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याच आवारात आहे, त्यामुळे संग्रहालय म्हणजे निर्जीव वस्तू आणि बाग म्हणजे जिवंत प्राणी, हे आम्हाला लहानपणापासून पक्कं. 'मुलांना बागेत नेलं' म्हटलं की हत्ती, माकडं आलीच. आता पेंग्विनही.

मुद्रितशोधक
राणीची बाग. बाग स्त्रीलिंगी. सारसबाग कशी, तशी.

भायखळ्याची
काका, तुमच्या पुण्यात असेल. माझी आई, मावश्या, आमची अख्खी चाळ 'राणीचा बाग' म्हणत आली. हिंदीत तो पुल्लिंगीच आहे. मुंबईने त्याचं लिंग बदललं नाही, एवढंच.

सांगलीकर अनुवादक
दोन्ही चालतात. आमच्याकडे द्राक्षाची 'बाग' स्त्रीलिंगी, म्हातारी माणसं मात्र 'आमचा बाग' म्हणतात. एकाच घरात दोन्ही ऐकलंय.

मुद्रितशोधक
ऐकू येतं ते सगळं छापायचं ठरवलं तर माझ्यासारख्याचं कामच काय? बोलताना खुशाल म्हणा. छापताना एक काहीतरी धरावं लागतं.

गोदाकाठ
बागेचा वाद चालू द्या, पण एक विचारू का? मालिकेत घरातला प्रत्येक जण प्राण्यांची देखभाल करतो. 'कीपर'ला काय लिहू? रखवालदार लिहिलं तर बँकेच्या दारातला माणूस वाटतो. 'प्राणिपाल' असं एका ठिकाणी वाचलं, तो राज्यपालाचा भाऊ वाटतो.

रंकाळा
हत्तीचा माहूत, उंटाचा सारवान, घोड्याचा मोतद्दार, चित्त्याचा चित्तेवान. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात चित्ते पाळायचे, त्यांच्याकडून काळविटाची शिकार करून घ्यायचे. आफ्रिकेतूनही आणले होते. रानात नेताना चित्ता बैलगाडीवर, डोळ्यांवर टोपी, बाजूला चित्तेवान. जुनी छायाचित्रं बघा, बाजेवर चित्ता बसलाय आणि माणूस त्याला खेटून बसलाय, घरातलं पोर असावं तसा. त्या माणसाला 'कीपर' म्हणवत नाही. जनावर बदललं की माणसाचं नाव बदलतं, कारण त्याची विद्याच वेगळी.

मुद्रितशोधक
आणि माहूत हा संस्कृत 'महामात्र'पासून आलेला. महामात्र म्हणजे मोठा अधिकारी. त्या कामाला काय मान होता बघा. ही व्युत्पत्ती पायऱ्यांसकट देता येते, सांगलीकर.

सांगलीकर अनुवादक
ही मान्य, सर. पण पेंग्विनवाल्याला काय म्हणणार? जुने शब्द जुन्या प्राण्यांचे. कामाच्या ठिकाणी लोक स्वतःला काय म्हणवतात ते विचारावं. मी पुण्याला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात एकदा विचारलं होतं. 'आम्ही कीपर' असंच उत्तर आलं, आणि ते सांगताना त्या माणसाच्या आवाजात अभिमान होता. तो शब्द त्याच्याकडून काढून घेणारे आपण कोण?

चेशायरकर
'सांभाळणारा' का नको? सांभाळणं या क्रियापदात खाऊ घालणं, राखणं, दुखलंखुपलं बघणं सगळं येतं. युद्धाच्या काळात चेस्टरला लोकांनी एकेक प्राणी दत्तक घेऊन त्याच्या खाण्याचा खर्च उचलला होता. मराठीत त्यांच्याबद्दल सांगताना मी म्हणतो, 'लोकांनी प्राणी सांभाळले.'

वऱ्हाडी पाहुणा
दत्तक मला खटकतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही वाघ-बिबटे दत्तक देतात. वर्षाचे पैसे भरले आणि पुढच्या वर्षी सोडून दिलं, हे दत्तक कसलं? दत्तक घेतलेलं पोर घराण्याचं होतं. याला पालकत्व म्हणा.

भायखळ्याची
असं नाही हो. दत्तक म्हटल्यावर लोक वाढदिवसाला जाऊन त्या प्राण्याला बघून येतात, त्याच्याविषयी घरी बोलतात. शब्दानेच माया लागते. पालकत्व हा शाळेच्या सभेतला शब्द.

गोदाकाठ
संपादकांचा निरोप आला. 'हृदयद्रावक' काढायला तयार आहेत, पण शीर्षकात एकच विशेषण हवं, क्रियापद नको म्हणतात. दुसरी मालिका व्हावी म्हणून प्रेक्षकांनी किती आर्जवं केली आणि बीबीसीने ती केली नाही, त्यावर शेवटचा परिच्छेद आहे. तिथे 'जीव निवला' घातलंय. शीर्षक मात्र रिकामंच आहे.

सांगलीकर अनुवादक
मनाला भिडणारी.

वऱ्हाडी पाहुणा
जीव निववणारी. ते विशेषणच आहे, संपादकांना सांगा.

भायखळ्याची
'मायेची'. तीन अक्षरं. 'मायेची मालिका' नको वाटलं तर 'मायेच्या माणसांची'.

मुद्रितशोधक
हृदयस्पर्शीच ठेवा. गुळगुळीत झालाय, पण खोटा नाही. आणि उपशीर्षकात 'प्राणिसंग्रहालय' येणार असेल तर अक्षरजुळणीवाला ते दीर्घ करणारच. प्रूफ माझ्याकडे पाठवा, मी बघून देतो.

रंकाळा
ताई, चित्तेवानांच्या घरातली एक आजी आमच्या ओळखीत आहे. चित्त्याला हाक मारायचे, खाऊ घालायचे त्यांचे वेगळे शब्द होते म्हणतात. पुढच्या आठवड्यात जाऊन विचारून येतो. त्यासाठी नवीन धागा काढू की इथेच लिहू?