डोंगरातल्या घरी रेंज नाही: पावसाळ्याआधी काय करून घ्यावं?

रानजाई:
मुळशी-ताम्हिणी पट्ट्यात डोंगराच्या कुशीत घर आहे, छप्पर पत्र्याचं. घरात रेंज शून्य, अंगणात एखादी काडी. समोरच्या पठारावर, साधारण तीन किलोमीटरवर, ओळखीच्यांचं घर आहे, तिथे नेट बरं चालतं. पावसाळ्यात वीज सारखी जाते. व्हिडिओ वगैरे नको. आईबाबांशी रोज बोलणं व्हावं, मेल जावी आणि अडीअडचणीला फोन हमखास लागावा, एवढंच हवं. बूस्टर बसवावा का? की सॅटेलाइट फोन? जाणकारांनी कृपया सांगावं.

कातळसडा:
दोन्ही नकोत. बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, आणि तो टॉवरकडे गोंगाटही वाढवून पाठवतो, त्यामुळे आसपासच्या सगळ्यांचे फोन बिघडतात. थुराया-इरिडियम या कंपन्यांचे सॅटेलाइट फोन आपल्याकडे विनापरवाना जवळ बाळगले तरी कारवाई होते. उपग्रहावरून मेसेज पाठवणारी छोटी यंत्रं परदेशातून कोणी आणून दिली तरी घेऊ नका, त्यांनाही हेच लागू.

आधी मोजमाप करा. काड्या बघू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीने दाखवतो. 'नेटमॉन्स्टर'सारखं अ‍ॅप टाकून आरएसआरपी (फोनपर्यंत पोचणाऱ्या सिग्नलची ताकद, डेसिबलच्या उणे आकड्यात) आणि बँड नंबर (सिग्नल कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर येतो त्याचा क्रमांक) लिहून घ्या. उणे 95 पर्यंत उत्तम, उणे 110 ला काम भागतं, उणे 118 च्या खाली तुटायला लागतं. घराच्या चारही बाजूंना आणि शिडी लावून छपराच्या वर, असं मोजा. पत्रा सिग्नल अडवतो, त्यामुळे घरातला आकडा बघून निराश होऊ नका.

बँड महत्त्वाचा, कारण कमी फ्रिक्वेन्सी डोंगराच्या कडेवरून थोडी वळून येते. जिओचा बँड 5 (850 मेगाहर्ट्झ), एअरटेलचा बँड 8 (900) किंवा बीएसएनएलच्या नव्या 4जीचा बँड 28 (700) मिळाला तर तोच धरा. बँड 40 (2300) अंगणात जोरदार दिसला तरी त्याच्यावर विसंबू नका.

ऐनाचं पान:
वरच्या शेवटच्या वाक्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. कारण सांगते. उन्हाळ्यात साग, पांगारा, सावर यांच्यावर फारशी पानं नसतात, तेव्हा सगळं छान चालतं. जुलैत तीच झाडं भरतात आणि पानं ओली असतात. 2300 वर ओली पानं सिग्नल गिळतात, 700-900 वर त्रास बराच कमी. लोक पावसाला दोष देतात, पण या फ्रिक्वेन्सींवर पाऊस स्वतः फारसं काही करत नाही. म्हणून आत्ताच्या आकड्यातून झाडीसाठी निदान 10 डेसिबल वजा करा. आत्ता उणे 105 असेल तर पावसाळ्यात उणे 115 धरून चाला आणि मगच खरेदी करा.

कातळसडा:
बरोबर. आता सामान. बाहेर अँटेना जोडता येईल असा (एसएमए सॉकेटचा) 4जी राउटर घ्या आणि वरचे कमी फ्रिक्वेन्सीचे बँड त्यात आहेत का, ते खोक्यावर वाचूनच पैसे द्या. सोबत दोन एलपीडीए अँटेना (टॉवरच्या दिशेने रोखून लावायच्या). एक उजवीकडे 45 अंश आणि दुसरी डावीकडे 45 अंश कलती लावायची. दोन्ही सरळ उभ्या लावल्या तर दुसरीचा उपयोग जवळपास वाया जातो.

बहुतेक जण इथे केबलमध्ये फसतात. अँटेनासोबत येणारी बारीक आरजी-58 केबल दहा मीटर ओढली, तर 900 मेगाहर्ट्झवर 5 डेसिबलच्या आसपास घालवते, 2300 वर त्याच्या दुप्पट. म्हणजे अँटेनाने कमावलेलं केबलने गमावलं. त्यापेक्षा राउटरच खांबावर, अँटेनाच्या खाली पाणी न शिरणाऱ्या पेटीत ठेवा आणि केबल मीटरभराच्या आत राखा. तिथून घरात लॅन केबल आणा, वीज त्याच केबलमधून वर पाठवता येते. पेटीचं भोक खालच्या बाजूला हवं, आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाईल.

रानजाई:
पठारावरच्या घरातून नेट आणता येईल का?

घाटवाटा:
तिथलं छप्पर तुमच्या छपरावरून नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल तर हाच सगळ्यांत भरवशाचा उपाय. 5.8 गिगाहर्ट्झचे दोन बाहेरचे रेडिओ (तारेशिवाय नेट पाठवणारी यंत्रं) समोरासमोर लावायचे, त्याला परवाना लागत नाही. मात्र नुसतं दिसणं पुरत नाही. तीन किलोमीटरच्या अंतरात मधोमध सरळ रेषेच्या सगळ्या बाजूंनी साधारण चार मीटर मोकळं हवं. मधे एखादा आंबा आला तरी लिंक पडते. दोन्ही टोकांना वीज मात्र हवी.

विजेचं बोलायचं तर रेडिओ आणि राउटर मिळून 10 वॅट धरा, म्हणजे दिवसाला 240 वॅट-तास. 12.8 व्होल्ट, 20 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी (256 वॅट-तास) जेमतेम एक दिवस नेते. 100 वॅटचं सोलर पॅनल जानेवारीत हे सहज भरून काढतं, जुलैत नाही. तेव्हा टायमर लावून सकाळी दोन आणि संध्याकाळी तीन तास चालवा, बॅटरी चार-पाच दिवस पुरेल. इन्व्हर्टर मधे घालू नका, 12 व्होल्टवरच थेट चालवा, नाहीतर इन्व्हर्टरच निम्मी बॅटरी खातो. आणि मे-जून व ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की लॅन केबल काढून ठेवा. खांबाला अर्थिंग हवंच. कातळावर ते नीट होत नाही, त्यामुळे माती खोल असेल तिथवर तार न्या.

ऐनाचं पान:
अडचणीच्या वेळेसाठी दोन कंपन्यांची सिमं ठेवा, पण दोन्ही एकाच मनोऱ्यावरून येत नाहीत ना, हे आधी बघा. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर जवळचे टॉवर दिसतात. मनोरा एकच असेल तर त्याची वीज गेली की दोन्ही सिमं एकदम बंद. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाची असेल तर 112 लागतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅप अडकतं तिथे एसएमएस बऱ्याचदा जातो. तो रोमन लिपीत लिहा. देवनागरीत एका संदेशात 70 अक्षरंच मावतात, रोमनमध्ये 160. लांबलचक देवनागरी एसएमएसचे तीन-चार तुकडे होतात, आणि एक तुकडा अडकला तरी समोरच्याला पूर्ण निरोप मिळत नाही.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी छपरावर चढून पठार दिसतं का ते बघते, आणि चारही बाजूंचे आकडे इथेच टाकते.

घाटवाटा:
सोबत दुर्बीण आणि होकायंत्र न्या, ताई. मधल्या झाडांचे फोटोही टाका, कुठलं झाड आहे ते कळलं की पावसाळ्यात किती भरेल याचा अंदाज देता येईल.