मदत हवी आहे: ‘डार्क’ या जर्मन मालिकेच्या शेवटच्या जेवणात अलेक्झांडर का नाही?

(तिसरा सीझन पाहिला नसेल तर पुढे वाचू नका, शेवट फुटेल.)

नायक योनास आणि नायिका मार्था घड्याळजी टानहाउसच्या मुलाचा १९७१ चा अपघात टाळतात, त्यामुळे टानहाउस कालयंत्र बांधतच नाही आणि त्या यंत्रातून निर्माण झालेली त्या दोघांची दोन्ही जगं विरतात. मूळ जगात उरतात ती गाठीबाहेरची, म्हणजे ज्यांचा जन्म कालप्रवासामुळे झालेला नाही अशी माणसं: हाना, काथारिना, रेगिना, पेटर. उलरिख नाही, कारण त्याचे वडील ट्रोंटे गाठीतच जन्मले. इथवर हिशेब चोख लागतो, आणि लेखकांचं खरंच कौतुक वाटतं.

अडतं ते रेगिनाच्या नवऱ्यापाशी, अलेक्झांडरपाशी. तो मुळात बोरिस निवाल्ड, मालिकेतल्या विंडन गावात बाहेरून आलेला. त्याचा जन्म गाठीत दाखवलेला नाही. मग तो कुठे गेला?

माझा तर्क असा: १९८६ मध्ये उलरिख आणि काथारिना रेगिनाला त्रास देत असताना तो मध्ये पडला आणि तिथूनच त्यांची ओळख झाली. उलरिख नाही म्हणजे हानाची त्याच्यावरून जळफळ नाही, रेगिनावर ढकललेली चुगली नाही, तो प्रसंगही नाही. साहजिकच त्यांचा मुलगा बार्तोशही नाही. कच्चा दुवा एकच: काथारिना एकटीनेही रेगिनाला छळलं असतं.

शेवटच्या दोन भागांत याला दुजोरा देणारा किंवा खोडून काढणारा एखादा संवाद, फोटो कुणाला दिसलाय का? भाग आणि मिनिट सांगितलंत तर पुन्हा लावून बघता येईल.