पंचेचाळिशीत ट्रकचं स्टेअरिंग धरावं का?

प्रश्न: सोलापुरात अक्कलकोट रोडला २२ वर्षं टॉवेलचे माग चालवले. आता माग भंगारात गेले. कारचं लायसन जुनं आहे. ट्रक शिकू का? बायको म्हणते, आधी चष्मा बदला.

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे. फॉर्म १-ए, म्हणजे तब्येत-नजर तपासल्याचा दाखला, त्यावर डॉक्टरची सही लागते. कारचं लायसन वर्षभर जुनं असलं की ट्रकचं लर्निंग निघतं. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली.

दुसरं उत्तर: मी या लाइनीत चाळिशीत शिरलो. आधी क्लीनर म्हणून फिरा, ताडपत्री बांधायला शिका. हैदराबाद रोड सोपाय हो, पण माल उतरवायला दोन-दोन दिवस गेटवर बसावं लागतं, ते कुणी सांगत नाही. कडक भाकरी न् शेंगाचटणी बांधून घ्या.

प्रश्नकर्ता: या वयात क्लीनर? बरं... चष्म्याचा नंबर काढून आलो.